ताळगावच्या फ्लॅटमधले ढेकूण: एका पावसाळ्याचं पूर्ण प्रकरण

ताळगावात गोवा विद्यापीठाच्या पठाराखाली भाड्याचे जे फ्लॅट आहेत त्यातल्या एका टू बीएचकेमध्ये आम्ही पाच जणी राहतो. एका बेडरूममध्ये बेळगावची आणि डिचोलीची, दुसऱ्यात काणकोणची आणि मी, आणि हॉलमध्ये कुडाळची. नावं लिहित नाही, गावावरूनच ओळखूया. मी सावंतवाडीची, पीएचडी करतेय आणि या फ्लॅटमध्ये सगळ्यात जुनी, म्हणून सगळ्या ताई म्हणतात आणि लाइट बिलापासून गॅस सिलिंडरपर्यंत सगळं माझ्याकडेच येतं. हे प्रकरणही तसंच माझ्याकडे आलं. सविस्तर लिहितेय कारण बांबोळी, सांताक्रूझ, फर्मागुडी, जिथे जिथे मुलं-मुली शेअर करून राहतात तिथे हेच चालू असतं आणि कुणी तोंडातून शब्द काढत नाही, गुपचूप स्प्रे आणतात आणि महिनोन्‌महिने रात्री जागून काढतात.

सुरुवात जुलैमध्ये झाली. बेळगावची नुकतीच आली होती, पहिलं सेमिस्टर. तिच्या हातावर आणि मानेवर सकाळी लाल गांधी दिसायला लागल्या, तीन-चार एका ओळीत. गोव्यात पावसाळ्यात असं काही दिसलं की पहिलं नाव डासांचंच येतं आणि ते चूकही नाही, डेंग्यूची भीती खरीच असते, म्हणून आधी घरातलं साचलेलं सगळं पाणी काढलं, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, बाथरूममधली कधीची भरून ठेवलेली बादली. मच्छरदाणी लावली. तरी गांधी येतच राहिल्या. डॉक्टरांनी खरूज आहे का बघितलं, बोटांच्या बेचक्यात आणि कमरेला काहीच नव्हतं, ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या. खाज थोडी कमी झाली, सकाळच्या नव्या गांधी मात्र थांबल्या नाहीत. मग डिचोलीच्या मुलीच्या उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा बारीक डाग दिसला आणि तिने सरळ विचारलं, ताई, ढेकूण तर नाहीत ना?

आणि त्या प्रश्नाबरोबर घरातलं वातावरण बदललं. कुडाळच्या मुलीच्या अंगावर एक डाग नाही, काणकोणच्या मुलीला एखादा, बेळगावचीला सगळ्यात जास्त. मग हिशोब सोपा वाटला, ही नवीन आली, हिच्याच बॅगेतून आले. कुणी तोंडावर बोललं नाही पण तिचे टॉवेल वेगळ्या दोरीवर जायला लागले, तिच्या गादीवर कुणी बसेना, आणि ती पोर रात्री सगळ्या झोपल्यावर एकटीच कपडे धुवायला लागली. मला त्याचा फार त्रास झाला. ढेकणांपेक्षा जास्त.

म्हणून ही गोष्ट आधी नीट सांगते. ढेकूण चावल्यावर अंगावर काय उमटतं ते ज्याच्या त्याच्या शरीरावर असतं. काहींना मोठ्या गांधी येतात, काहींना दोन-चार दिवसांनी येतात, आणि काहींना आयुष्यात कधीच काही उमटत नाही, रोज चावले तरी. म्हणजे ज्याच्या अंगावर डाग त्याच्याच अंथरुणात घरटं, हा हिशोब मुळात खोटा आहे. आणि दुसरं, ढेकूण घाणीमुळे होत नाहीत. झुरळांना खरकटं लागतं, उंदरांना धान्य-कचरा लागतो, ढेकणाला फक्त माणसाचं रक्त आणि लपायला एक फट लागते. रोज पुसून लख्ख ठेवलेल्या खोलीतही ते तितक्याच सुखाने राहतात. ढेकणामुळे रोग पसरतो असं सिद्ध झालेलं नाही, तेवढा एक दिलासा, पण झोप जाते, खाजवून जखमा होतात आणि डोक्याला जो ताप होतो तो वेगळाच.

शोध कसा घेतला

रविवारी सकाळी सगळ्यांना उठवलं आणि सांगितलं की कुणाचं काय ते नंतर, आधी पाचही खाटा बघायच्या, माझ्यापासून सुरुवात. मोबाइलचा टॉर्च आणि जुनं एटीएम कार्ड एवढंच लागतं. गादीची शिवण बोटांनी उलटी करत जायची, चारही कोपरे, मग खालची बाजू, मग खाटेचे सांधे, स्क्रूची भोकं, प्लायच्या कडा. जिथे डोळ्याला फट दिसते पण आत काय ते दिसत नाही तिथे कार्ड घालून हळू ओढायचं. जिवंत ढेकूण दिसेलच असं नाही, दिवसा ते आत दडलेले असतात. आधी दिसतात त्यांच्या खुणा: शाईच्या पेनाने टिंब टेकवल्यासारखे काळे ठिपके (ही त्यांची विष्ठा, ओल्या कापडाने पुसली की तपकिरी पसरते), पिलांनी टाकलेल्या फिकट पारदर्शक काती, आणि साधारण 1 मिमीची पांढरट अंडी, चिकटवल्यासारखी बसलेली.

बेळगावच्या मुलीच्या गादीच्या शिवणीत थोडे ठिपके आणि दोन ढेकूण मिळाले. डिचोलीचीकडे थोड्या खुणा. माझ्या आणि काणकोणचीच्या लोखंडी खाटांवर जवळपास काही नाही. मग हॉलमध्ये गेलो. कुडाळची म्हणत होती ताई माझ्याकडे काही नाहीये, मला तर एक डास पण चावत नाही. तिची खाट प्लायची, डोक्याकडे मोठी फळी. फळीच्या मागे सनमायका एका कोपऱ्यात सुटला होता, तिथे कार्ड घातलं आणि खाली ओढलं, तर कार्डाबरोबर मोठे, छोटे, नुकतं रक्त प्यायलेले फुगीर लालसर, रिकामे चपटे तपकिरी, सगळे एकदम बाहेर सांडले. मोठा ढेकूण 5 ते 7 मिमीचा, मसुराच्या दाण्याएवढा, आणि पिल्लं इतकी फिकट की पांढऱ्या लादीवर हलली तरच दिसतात. स्क्रूच्या प्रत्येक भोकाभोवती काळं कडं झालं होतं. वासही येत होता, गोडसर, कुबट. ज्या मुलीच्या अंगावर एकही डाग नव्हता तिच्या उशीपासून वीतभर अंतरावर मुख्य अड्डा होता आणि कित्येक आठवडे ते तिच्यावरच पोसले जात होते.

ती खाट आली कुठून? मे महिन्यात खालच्या फ्लॅटमधल्या सीनियर मुलांनी कोर्स संपवून घर सोडलं, खाट टाकून चालले होते, आमच्याकडे एक कमी होती, वर आणली. आणि आणली तेव्हा रिकामीच महिनाभर हॉलमध्ये पडून होती, त्यामुळे सगळ्यांना वाटलं असतील नसतील ते मेले असतील. उपाशी ढेकूण महिनाभरात मरत नाही. आपल्याकडच्या उष्ण हवेत थंड देशांतल्यापेक्षा लवकर मरतात हे खरं, तरी मोठे ढेकूण महिन्याहून जास्त काढू शकतात. हॉलमधल्या त्याच खाटेवर आम्ही सगळ्या संध्याकाळी बसायचो, चहा, लॅपटॉप, बॅगा तिथेच टाकलेल्या, आणि बेडरूममध्ये उकडतं म्हणून बेळगावची मधे काही रात्री तिथेच गादी टाकून झोपली होती. तिथूनच ते तिच्या गादीबरोबर आत गेले.

हे सापडलं तेव्हा कुडाळची रडायला लागली आणि बेळगावची तिच्याजवळ जाऊन बसली. त्यानंतर घरात बोट दाखवणं बंद झालं आणि खरं सांगायचं तर पुढचं सगळं त्यामुळेच जमलं, कारण शेअरिंगमध्ये एकीने जरी "माझ्याकडे नाहीत" म्हणून आपली खोली उघडून दाखवली नाही तरी बाकीच्यांची सगळी मेहनत पाण्यात जाते.

स्प्रे, गोळ्या आणि धूर

सापडायच्या आधीच घरात दोन स्प्रे रिकामे झाले होते. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक स्प्रेंमध्ये पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं आणि जगभर ढेकणांनी या गटाला दाद देणं कमी केलंय, दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षांतच त्यांनी डीडीटीलाही असंच पचवलं होतं. समोर दिसलेला ढेकूण थेट फवाऱ्याने मरतो, पण फटीतला मरत नाही, अंडी तर जवळपास सुरक्षितच राहतात. वर पुन्हा वासाने हे लोक जागा बदलतात, म्हणजे एका खाटेवरचे चार ठिकाणी होतात. खोलीत बॉम्बसारखा धूर सोडायचा डबा मिळतो त्याचंही तेच, धूर वर हवेत, ढेकूण खाली फटीत. कडुनिंबाचा पाला आणि कापूर आम्हीही जाळला, खोलीला वास छान आला.

आता हे फार महत्त्वाचं आहे म्हणून वेगळं लिहिते. कॉलेजमधल्या एकाने सल्ला दिला की धान्यात ठेवायच्या गोळ्या मिळतात, खाटेखाली ठेवा, दार बंद करा, एका रात्रीत साफ. त्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याबरोबर त्यातून फॉस्फिन वायू निघतो, आणि गोव्याच्या पावसाळ्यात ओलावा किती असतो ते सांगायला नको. हा वायू दाराखालच्या फटीतून, बाथरूमच्या शाफ्टमधून शेजारच्या खोलीत जातो, त्याच्या विषबाधेवर उतारा नाही, आणि याने शेजारच्या खोलीत झोपलेली माणसं, लहान मुलं आपल्या देशात गेलेली आहेत. राहत्या घरात ही गोळी कुणीही, कुठल्याही कारणासाठी ठेवायची नाही. तुमच्या रूममेटने आणली असेल तर भांडण झालं तरी चालेल, पण ती ठेवू देऊ नका. रॉकेल आणि पेट्रोल ओतण्याचंही तेच, शेजारी गॅस शेगडी असते.

आंटी आणि पैसे

घरमालकीण आंटी पहिल्यांदा फोनवरच म्हणाल्या, "म्हज्या घरांत केन्नाच नाशिल्ले." त्यांचंही बरोबर होतं, त्यांच्या फर्निचरमध्ये नव्हतेच. पेस्ट कंट्रोलचा खर्च तुम्हीच करा असं त्यांचं म्हणणं, आणि मुलींचं म्हणणं घर तुमचं, तुम्ही करा. आमचा 11 महिन्यांचा करार काढून वाचला, त्यात रंग, भिंतीला खिळे, पाहुणे सगळं होतं, कीटकांचा एक शब्द नाही. मी आंटींना घरी बोलावलं, काचेच्या बरणीत पकडून ठेवलेले ढेकूण आणि फळीचा फोटो दाखवला आणि सांगितलं की ही खाट खालच्या फ्लॅटमधून आलीय, म्हणजे खालीही असणार, आणि खालचा फ्लॅटही तुमचाच आहे. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग स्वतःच खाली गेल्या. तिथल्या नवीन मुलांनी दार उघडलं आणि एकाच्या दोन्ही हातांवर गांधी. त्यांना वाटत होतं वरच्या मुलींना कळलं तर काय म्हणतील.

शेवटी ठरलं ते असं: दोन्ही फ्लॅट एकाच दिवशी करायचे, पेस्ट कंट्रोलचे पैसे आंटी देणार, गाद्यांची कव्हरं, लॉन्ड्री आणि बाकी तयारी आमची. पेस्ट कंट्रोलवाल्याला तीन प्रश्न आधीच विचारले: लायसन्स आहे का, औषधाचं नाव काय, आणि दुसऱ्यांदा येणार का. एकदाच येऊन गॅरंटी देतो म्हणणाऱ्याला नको सांगितलं.

तयारी, आणि ऊन नसण्याचा प्रश्न

माझ्या आजीला फोन केला तर ती म्हणाली, "खाट खळ्यात काढ आनि कढत पानी वत." आणि विज्ञानाच्या हिशोबाने तिचं शंभर टक्के बरोबर आहे. ढेकणाला उष्णता सहन होत नाही, 50 अंश सेल्सियसच्या वर मोठे आणि अंडी दोन्ही लवकर मरतात. पण आजीला एप्रिलचं ऊन आणि बाज होती, आमच्याकडे जुलैचा गोवा, आठवडा आठवडा सूर्य नाही, आणि प्लायवर पाणी ओतलं तर प्लाय फुगतो.

मग उष्णता दुसरीकडून आणली. सगळे कपडे, चादरी, अभ्रे, पडदे खोलीतच काळ्या पिशव्यांत भरून तोंडं घट्ट बांधली (उघडे कपडे हातात घेऊन हॉलमधून फिरायचं नाही, वाटेत पडतात) आणि ड्रायर असलेल्या लॉन्ड्रीत नेऊन गरम पाण्यात धुऊन फुल हीटवर अर्धा तास फिरवले. लॉन्ड्रीवाल्याला आधी सांगितलं, पिशव्या सरळ मशीनमध्येच रिकाम्या केल्या. धुता न येणारं काही, पट्टे, पर्सेस, मऊ खेळणी, ते पिशवीत बांधून आंटींच्या डीप फ्रीझरमध्ये चार दिवस उणे 18 वर. लोखंडी खाटांच्या पोकळ पायांत आणि सांध्यांत बाल्कनीत नेऊन उकळतं पाणी, पायात बूट घालून. गाद्यांच्या शिवणींवर गरम इस्त्री, वाफ सोडत, हळूहळू, एक एक वीत. हेअर ड्रायर वापरू नका, तो मारत कमी आणि उडवत जास्त.

प्लायची ती खाट वाचवायच्या भानगडीत पडलो नाही. फळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या, मगच बाहेर काढल्या, तोडल्या आणि मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं: ढेकूण आहेत, उचलू नका. कचरा उचलणाऱ्यांना तोंडीही सांगितलं. नाहीतर रस्त्याकडेला चांगली फळी दिसते आणि कुठल्यातरी कामगाराच्या खोलीत ती संध्याकाळपर्यंत पोचते.

दोन फवारण्या आणि मधला काळ

पहिल्या फवारणीनंतर दोन दिवस सगळ्या खूश, मग पुन्हा एक गांध, आणि सगळ्यांचा धीर सुटला. इथेच बहुतेक घरं हरतात. अंडी औषधाने सहसा मरत नाहीत, आपल्याकडच्या हवेत ती साधारण 6 ते 10 दिवसांत फुटतात, आणि पिल्लू मोठं व्हायला पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक वेळी त्याला रक्त लागतं. म्हणजे पहिल्या फवारणीनंतर अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं मोठी होऊन स्वतः अंडी घालायच्या आत दुसरी फवारणी झाली पाहिजे. आमची 14 दिवसांनी झाली. मधल्या काळात जे पाळलं ते सगळ्यात कठीण होतं: प्रत्येकीने आपापल्याच खाटेवर झोपायचं. मैत्रिणीकडे झोपायला गेलात तर एक तर तिच्याकडे नेता, नाहीतर तुमच्या खोलीतले उपाशी दुसरीच्या खोलीत जातात. आपण खाटेवर असलो तरच ते औषध मारलेल्या जागेवरून चालत येतात. फवारलेल्या कडेला लादी पुसली नाही. झोपेतून उठून खाजवताना पोरींची तोंडं बघवत नव्हती, पण कुणी हललं नाही.

खाटा भिंतीपासून वीतभर पुढे ओढल्या, चादर आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली, जमिनीला काहीच टेकता नये, आणि प्रत्येक पायाखाली गुळगुळीत प्लास्टिकचा डबा, आत थोडी टाल्कम पावडर. ढेकणाला पावडर लागलेली गुळगुळीत उभी भिंत चढणं कठीण जातं, डब्यात पडला की बहुतेक वेळा तिथेच राहतो. सकाळी टॉर्चने डबे बघायचे आणि वहीत लिहायचं, कुठल्या खाटेच्या कुठल्या पायात. नुसतं अंगावर काय उठलं यावर अवलंबून राहिलो असतो तर कुडाळचीला कधीच कळलं नसतं. गाद्यांना चेनवाली पूर्ण बंद कव्हरं घातली, ती वर्षभर उघडायची नाहीत, आत एखादा राहिला तरी तिथेच संपेल.

पेस्ट कंट्रोलवाल्याने जाता जाता किचनमध्ये फ्रिजच्या रबरात लहान झुरळं दाखवली. तिथे त्याने जेलचे ठिपके लावले आणि बजावलं, आता इथे स्प्रे मारू नका, वासाने झुरळ जेलकडे येणार नाही. रात्री सिंक कोरडं आणि कचऱ्याच्या डब्याला झाकण, तेवढं केलं, झुरळांचा विषय तिथेच मिटला.

चवथ आली

दुसरी फवारणी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी होईल असं मी मुद्दाम बघितलं, कारण चवथीला पाचही जणी घरी, फ्लॅट रिकामा, आणि डिचोलीची म्हणत होती दहा दिवस बंद राहिलं की आपोआप जातील. नाही जात, वाट बघत बसतात. खरी भीती मला उलटी होती, की आमच्या बॅगांतून ते कुडाळला, काणकोणला, बेळगावला पोचतील, आणि चवथीला घरात वीस माणसं खालीच अंथरूण टाकून झोपलेली असतात. म्हणून नेण्याचे कपडे ड्रायरमधून थेट नव्या पिशवीत, बॅगेच्या चेनी आणि कप्पे टॉर्चने बघून, आणि घरी पोचल्यावर बॅग पडवीतच उघडायची. बेळगावच्या मुलीने आईला सगळं खरं सांगितलं, तिची आई म्हणाली बरं केलंस सांगितलंस, गरम पाणी तयार ठेवते.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यात बेळगावचीच्या एका डब्यात एक लहान पिल्लू सापडलं. पुन्हा बोलावलं, त्या एका खोलीत फवारणी केली. त्यानंतर डबे रिकामे आहेत. शेवटचा ढेकूण दिसल्यापासून दोन महिने तरी डबे काढायचे नाहीत असं ठरवलंय आणि वही अजून चालू आहे. खालच्या फ्लॅटमधली मुलंही आता तशीच वही ठेवतात आणि रविवारी दोन्ही घरं एकमेकांना आपापले आकडे सांगतात.

आंटींनी नव्या करारात तीन गोष्टी घातल्या, शब्द आम्ही बसून ठरवले. वापरलेली खाट, गादी किंवा सोफा आणायचा असेल तर आधी जिन्याखाली टॉर्च आणि कार्डाने तपासायचा आणि आंटींना सांगायचं. कीटक दिसल्यावर लगेच कळवलं तर भाडेकरूवर दोष नाही आणि फवारणीचा खर्च मालकाचा. आणि घर सोडताना व नवीन मुलं येताना, दोन्ही वेळा, मालक आणि भाडेकरू मिळून सगळ्या खाटा उलट्या करून बघणार. जूनमध्ये नवीन मुलगी येतेय, काणकोणचीच्या जागी. तिला मी आधीच फोनवर हे सगळं सांगितलंय, लपवलं नाही, आणि ती तरीही येतेय.